पावलांनी वाढणारा मेंदू

आपल्या मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा एक छोटासा भाग आहे. कालची गोष्ट आज आठवते ती त्याच्या जोरावर. उतारवयात तो दरवर्षी थोडा आक्रसतो. अमेरिकेत १२० वयस्कर माणसांवर वर्षभर एक प्रयोग झाला. निम्मी माणसे आठवड्यातून तीन दिवस, हळूहळू वाढवत ४० मिनिटे चालली. बाकीच्यांनी अंग ताणण्याचे हलके व्यायाम केले. २०११ साली निष्कर्ष आले. हलके व्यायाम करणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे दीड टक्का घटला होता आणि चालणाऱ्यांचा दोन टक्के वाढला होता! पायांनी केलेली मेहनत थेट डोक्यात जमा झाली.

कुठे चालतो, यानेही फरक पडतो. तेच ते विचार डोक्यात घोळत राहणे ही नैराश्याकडे नेणारी वाट. २०१५ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी काही जणांना दीड तास झाडा-गवतातून चालवले, तर काहींना वाहत्या रस्त्याच्या कडेने. निसर्गात चाललेल्यांचे हे घोळणे कमी झाले आणि त्याच्याशी जोडलेला मेंदूचा भाग शांत झालेला स्कॅनमध्येच दिसला. रस्त्याकडेच्या मंडळींत तसा बदल आढळला नाही.

कन्हान गावातल्या लोकांना या दोन्ही वाटा घराजवळच आहेत. एकीकडे ट्रकांनी गजबजलेला नागपूर-जबलपूर रस्ता. दुसरीकडे सातपुड्यातून उतरून, पेंचचे पाणी सोबत घेऊन आलेली आणि नागपूरची तहान भागवणारी कन्हान नदी. पाय नदीकडे वळवावेत. विदर्भाच्या उन्हाळ्यात तर सकाळी लवकरच. कोवळा उजेड डोळ्यांवाटे मेंदूतल्या घड्याळाला वेळ सांगतो, आणि हे घड्याळ नीट चालले की रात्रीची झोपही सुधारते. इथल्या कोळसा खाणीत पाळ्या करणाऱ्यांचे हे घड्याळ सारखे विस्कटते; त्यांनी मात्र आधी झोप पुरी करावी, मग फिरायला निघावे.

आणि फार चालावे लागत नाही! २०२२ मध्ये १ लाख ९० हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. आठवड्याला सव्वा तास झपझप चालण्याइतकी हालचाल करणाऱ्यांत नैराश्याचा धोका, अजिबात हालचाल न करणाऱ्यांपेक्षा १८ टक्के कमी आढळला. म्हणजे दिवसाला जेमतेम अकरा मिनिटे!

मन फारच खचले असेल, तर चालणे हा डॉक्टरांना पर्याय नव्हे. सरकारच्या ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते. फोन करावा, उपचार घ्यावेत आणि झेपेल तितके चालतही राहावे.