कानात यंत्र, पण फोन कसा ऐकायचा?

अलेक्झांडर ग्रॅहम बेलला टेलिफोनचे पेटंट 1876 मध्ये मिळाले. त्याची आई बहिरी, पुढे पत्नी झालेली मेबलही बहिरीच. आणि यंत्र केले ते ऐकणाऱ्यांसाठी!

कॉक्लिअर इम्प्लांट बसले की सारे ऐकू येते, हा गैरसमज आहे. ते आवाजाचे विद्युत संकेत करून थेट श्रवणाच्या मज्जातंतूला देते. त्यांचा अर्थ लावायला मेंदूला शिकावे लागते. त्यात साधा फोन 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच पट्टा नेतो. 'स'सारख्या वर्णाचा बराच आवाज त्याच्या वर असतो, तो गळतो. समोरच्याचे ओठही दिसत नाहीत. बहुतेक यंत्रांचा माईक कानाच्या वरच्या बाजूस असतो, म्हणून फोन तिथे धरायचा, कानाच्या भोकाशी नाही. टेलिकॉइल किंवा ब्लूटूथ असेल तर उत्तमच. पण रत्नागिरीच्या एखाद्या वाडीवर हे सांगणार कोण?

केंद्राच्या एडिप योजनेत 2014 मध्ये एका मुलाच्या इम्प्लांटसाठी 6 लाख रुपयांपर्यंत तरतूद झाली. उद्या तेच मूल मोठे होऊन बँकेत गेले आणि 'फोनवरच खात्री करू' असे उत्तर मिळाले तर?

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम 42 माहिती व संपर्काच्या साधनांविषयी आहे. 30 एप्रिल 2025 रोजी प्रज्ञा प्रसून खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधा मिळणे हा कलम 21 चा भाग मानला. तेव्हा कचेरीत तोंडी विनवण्या नकोत. 'मला एसएमएसने कळवा' असा लेखी अर्ज द्या, पोच घ्या. नकार असेल तर तोही लेखीच मागा.