पेशीतला अडलेला निरोप

तान्हे मूल पुन्हा पुन्हा तापाने फणफणू लागले की घरातील वडीलधारी मंडळी दृष्ट काढतात आणि पुष्कळदा आईलाच बोल लावतात. अशा वेळी विज्ञान काय सांगते, ते ऐकण्यासारखे आहे.

१९५२ साली अमेरिकेतील वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयाचे बालरोगतज्ज्ञ कर्नल ऑग्डेन ब्रुटन यांनी आठ वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. चार वर्षांत १९ वेळा त्याला गंभीर जंतुदोषाने गाठले होते. रक्त तपासले, तेव्हा त्यात गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे रोगजंतूंशी झुंजणाऱ्या प्रतिद्रव्यांचा अंश, आढळला नाही. ब्रुटन यांनी तोच अंश बाहेरून टोचून दिला आणि मुलगा सुधारला.

याचे मूळ कारण कळावयास मात्र १९९३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी एक्स गुणसूत्रावरील एक जनुक सापडले. ते जे विकर (एन्झाइम) घडविते, त्याला ब्रुटन यांचेच नाव मिळाले. या विकराचे काम निरोप्याचे होय. अस्थिमज्जेत वाढणाऱ्या बी-पेशीच्या पृष्ठभागावर संदेश आला की, ते पुढील प्रथिनाला फॉस्फेट जोडते. ते प्रथिन जागे होऊन निरोप पुढे नेते, आणि पेशी वाढीची पुढली पायरी चढते. निरोप्याच नसेल तर पेशी वाटेतच अडते. मग प्रतिद्रव्ये निर्माण करणार कोण?

स्त्रीजवळ एक्स गुणसूत्रे दोन असतात. एक सदोष असले तरी दुसरे निभावून नेते. मुलाजवळ ते एकच, म्हणून हा विकार बहुधा मुलांनाच होतो. सदोष जनुक बाळगणाऱ्या मातेच्या प्रत्येक मुलाला तो होण्याचा संभव निम्मा असतो. कधी कधी तर हा दोष कुळात प्रथमच उद्भवतो. यात मातेचा अपराध तो कोणता? उलट, गर्भात असताना तिच्याकडून मिळालेली प्रतिद्रव्येच बाळाला पहिले काही महिने सांभाळतात.

पुढे याच ज्ञानाचा दुसराही उपयोग झाला. काही रक्तकर्करोगांत बी-पेशी या निरोपाच्या बळावरच बेसुमार वाढतात. तो अडविणारे इब्रुटिनिब हे औषध २०१३ साली अमेरिकेत मान्य झाले.

तेव्हा सहा महिन्यांनंतर बाळाला कान, छाती वा सायनसचे विकार वारंवार जडू लागले, तर दोष कोणाचा हे शोधीत न बसता डॉक्टरांना प्रतिद्रव्यांच्या तपासणीविषयी विचारावे. वेळेवर निदान होऊन प्रतिद्रव्ये नियमित मिळत गेली, तर अशी मुले शाळेत जातात, खेळतात, मोठी होतात.