ट्रिपचा 'लीडर' बेजबाबदार निघाला तर काय करायचं? चिखलदरा, नरनाळ्याला जाण्याआधी हे वाचा

जुलै लागला की अमरावती-अकोल्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोस्टर फिरायला लागतात. धुक्यातला चिखलदरा, माणशी किती रुपये, गाडी किती वाजता सुटणार आणि पैसे कोणत्या नंबरवर पाठवायचे, हे सगळं त्यात असतं. नेणारा कोण, त्याला काय येतं आणि काही झालं तर जबाबदारी कोणाची, हे मात्र बहुतेक पोस्टरवर नसतं.

या ट्रिप काढणारे नेहमी पर्यटन कंपनीवाले असतात असं नाही. कधी कोचिंग क्लासचे सर असतात, कधी जिमचा ट्रेनर, कधी मंडळाचा अध्यक्ष, तर कधी कॉलेजातला सीनियर. मुलं त्यालाच लीडर मानतात आणि पालकही त्याच्याच भरवशावर मुलांना पाठवतात.

बहुतेक ट्रिप सुखरूप परततात. अडचण तिथेच आहे. दहा वेळा काही झालं नाही, म्हणजे लीडरला सगळं समजतं, असा अर्थ काढला जातो. प्रत्यक्षात दहाही वेळा फक्त नशीब बरं असू शकतं.

वऱ्हाडात धोका नेमका कुठे असतो?

चिखलदरा हे विदर्भातलं थंड हवेचं ठिकाण. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे 1,100 मीटर. परतवाड्याहून वर जाणारा रस्ता वळणावळणांचा आहे. पावसाळ्यात धुकं उतरलं की पुढची गाडीही दिसत नाही. भीमकुंड, देवी पॉइंट, गाविलगड अशा ठिकाणी खोल दऱ्या आहेत आणि खडक शेवाळलेले असतात.

अकोला जिल्ह्यातला नरनाळा किल्ला मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतो. तिथे शहानूरच्या बाजूने वन विभागाच्या नियमांनुसारच जावं लागतं. हे अस्वल, बिबट्या आणि वाघाचं जंगल आहे. 'संध्याकाळी मस्त फोटो येतात' म्हणून उशिरापर्यंत थांबण्याची ती जागा नाही. मेळघाटात अनेक ठिकाणी मोबाइलला रेंजही मिळत नाही.

पाण्याचा धोका तर आणखी फसवा. तेल्हारा तालुक्यात वारी हनुमान इथे वान नदीतला मामा-भाचा डोह पोहायला उतरलेल्यांच्या बुडण्यामुळेच ओळखला जातो. वरून पाणी शांत दिसतं, पण तळ कुठे खोल आहे ते काठावरून कळत नाही. धबधब्यांचं गणित वेगळं आहे. खाली ऊन असतानाही वरच्या पठारावर जोरदार पाऊस झाला तर नाल्याचं पाणी काही मिनिटांत चढतं. गुडघाभर वाहतं पाणीही माणसाला उलथवू शकतं.

14 सप्टेंबर 2021 ला अमरावती जिल्ह्यात वरूड तालुक्यातल्या झुंज इथे वर्धा नदीत नाव उलटली आणि 11 जणांचा जीव गेला. ती तरुणांची ट्रिप नव्हती. एका कुटुंबातले नातेवाईक दशक्रियेसाठी जमले होते. पण कोणत्याही ग्रुपला लागू पडणारे प्रश्न या घटनेने समोर आणले. नावेत किती माणसं बसवायची, लाइफ जॅकेट आहेत का, आणि 'आज नाव सोडायची नाही' असं म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे?

बेजबाबदार लीडर कसा ओळखायचा?

बेजबाबदार म्हणजे दारू पिऊन गाडी चालवणाराच असं नाही. अनेकदा तो उत्साही, मदतीला धावणारा, सगळ्यांचा लाडका माणूस असतो. त्याच्या वागण्यात पुढच्या गोष्टी दिसल्या तर मात्र सावध व्हायला हवं.

- ठिकाण त्याने या मोसमात स्वतः पाहिलेलं नसतं. 'रील पाहिली, भारी आहे' एवढीच त्याची तयारी असते.
- किती जण आले आहेत याची यादी नसते. मोजणी फक्त गाडीत बसताना होते.
- पोहता येतं का, दमा, फिट किंवा हृदयाचा त्रास आहे का, हे कोणालाच विचारलेलं नसतं.
- हवामान बिघडलं तर काय करायचं, याला त्याच्याकडे उत्तर नसतं. पर्यायी ठिकाणही ठरलेलं नसतं.
- वन विभागाचा किंवा पोलिसांचा मनाई फलक पाहून तो 'दुसरीकडून रस्ता आहे' म्हणतो.
- घाबरलेल्या मुलाची चारचौघांत टिंगल करतो.

यातली शेवटची खूण सगळ्यांत महत्त्वाची. जिथे 'मला भीती वाटते' म्हणणाऱ्याला हसतात, तिथे पुढचा माणूस धोका दिसला तरी गप्प राहतो. मग ग्रुपमध्ये तीस जोड डोळे असूनही निर्णय एकट्याच्याच डोळ्यांनी होतो.

शहाणी मुलंही अशा लीडरचं का ऐकतात?

इयन मॅकॅमन या अमेरिकी संशोधकाने 1972 ते 2003 या काळातल्या 715 हिमस्खलन अपघातांचा अभ्यास केला. धोक्याची चिन्हं दिसत असतानाही माणसं पुढे का गेली, हा त्याचा प्रश्न होता. त्याला काही ठरावीक सापळे दिसले. जागा ओळखीची असणं, इतरांसमोर छाप पाडण्याची इच्छा, एकदा ठरवलं की मागे न फिरणं आणि इतर लोक तिथे दिसणं हे त्यातले काही. आणखी एक सापळा म्हणजे ग्रुपमधल्या एखाद्याला तज्ज्ञ मानून टाकणं. तो वयाने मोठा असतो, आत्मविश्वासाने बोलतो किंवा त्याने ट्रिप ठरवलेली असते, म्हणून बाकीचे आपलं डोकं बाजूला ठेवतात.

मेळघाटात बर्फ नाही, पण सापळे तेच आहेत. 'मागच्या वर्षी इथेच उतरलो होतो', 'एवढ्या लांब आलो, आता काय परत जायचं', 'ते बघ, तिकडचे पोरं पण पाण्यात आहेत', आणि सगळ्यांत शेवटी 'काही होत नाही बे, चाल'.

जागेवर असताना 'नाही' कसं म्हणायचं?

लीडरशी वाद घालून त्याला हरवण्याची गरज नसते. तसं केलं तर तो हट्टाला पेटण्याची शक्यता जास्त. उपयोगी पडतं ते तीन पायऱ्यांनी जाणं.

पहिली पायरी म्हणजे दिसतंय ते सांगणं. 'तू बेजबाबदार आहेस' याऐवजी 'दादा, दहा मिनिटांपूर्वी तो दगड दिसत होता, आता पाण्याखाली गेला' असं म्हणावं. यात कोणावर आरोप नाही, पण धोका सगळ्यांना कळतो.

दुसरी पायरी, जोडीदार शोधणं. एकट्याचा 'नाही' भित्रेपणा ठरतो. दोघा-तिघांनी तेच म्हटलं की तो ग्रुपचा निर्णय होतो. अनेकदा इतरांनाही तेच वाटत असतं, फक्त कोणी सुरुवात केलेली नसते.

तिसरी पायरी, स्वतः थांबणं. 'आम्ही इथेच थांबतो, तुम्ही जाऊन या' एवढं वाक्य पुरतं. मात्र जंगलात किंवा धुक्यात एकट्याने मागे फिरू नये. किमान दोघं बरोबर हवेत आणि कुठे थांबणार ते बाकीच्यांना माहीत हवं.

लीडर दारू प्यायलेला असेल आणि गाडी तोच चालवणार असेल, तर मात्र पायऱ्या नकोत. गाडीत बसायचंच नाही. घरी फोन करावा, परतवाडा किंवा अकोटपर्यंत दुसरी सोय पाहावी, गरज पडली तर 112 वर पोलिसांना कळवावं.

कोणी बुडत असेल तर मागोमाग उडी मारणं ही सगळ्यांत मोठी चूक असते. एकाला वाचवायला गेलेला दुसराही बुडाल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. दोरी, लांब काठी, एकमेकांना बांधलेल्या ओढण्या किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन फेकावा. मेंदूला चार ते सहा मिनिटं प्राणवायू मिळाला नाही तर कायमची इजा होऊ लागते. अकोल्यातल्या पिंजरचं संत गाडगेबाबा आपत्कालीन शोध व बचाव पथक अशा घटनांमध्ये धावून जातं. पण कोणतंही पथक कितीही तत्पर असलं तरी ते काही मिनिटांत डोहावर पोहोचू शकत नाही. म्हणून पाण्यात उतरण्याआधीचा निर्णयच खरा बचाव असतो.

'आमची जबाबदारी नाही' या फॉर्मवर सही केली असेल तर?

अनेक आयोजक 'काही झाल्यास आयोजक जबाबदार नाहीत' असं लिहून सही घेतात. त्यामुळे पुढे काहीच करता येत नाही, असं पालकांना वाटतं. हा गैरसमज आहे.

भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 नुसार निष्काळजीपणामुळे कोणाचा मृत्यू झाला तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. आधीच्या भारतीय दंड संहितेत ही मर्यादा दोन वर्षं होती. नवा कायदा 1 जुलै 2024 पासून लागू आहे. जीव गेला नाही, पण बेदरकारपणामुळे कोणाचा जीव धोक्यात आला किंवा दुखापत झाली, तर कलम 125 आहे. अशी फौजदारी जबाबदारी खासगी फॉर्मवर सही घेऊन मिटत नाही. शिवाय 18 वर्षांखालच्या मुलाने स्वतः केलेला करार कायद्याने ग्राह्य नसतो.

संस्थेलाही हात झटकता येत नाहीत. 1995 मध्ये पंजाबातल्या एका शाळेची सहल बियास नदीकाठी गेली होती. शिक्षक बरोबर असूनही 14 मुलं बुडाली. सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये शाळेची जबाबदारी मान्य करून प्रत्येक कुटुंबाला पाच लाख रुपयांची भरपाई कायम ठेवली. शिक्षकांच्या निष्काळजीपणाचं उत्तर शाळेलाही द्यावं लागतं, हे त्यातून स्पष्ट झालं.

महाराष्ट्रात 1 फेब्रुवारी 2016 ला मुरुडच्या समुद्रात पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले 14 विद्यार्थी बुडाले. त्यानंतर कॉलेजच्या सहलींचे नियम कडक करण्याची चर्चा राज्यभर झाली. क्लास, जिम आणि मंडळांच्या ट्रिप मात्र अशा नियमांच्या बाहेरच राहतात.

पैसे घेऊन साहसी उपक्रम चालवणाऱ्यांसाठी राज्याने ऑगस्ट 2021 मध्ये साहसी पर्यटन धोरण आणलं. जमीन, पाणी आणि हवेतल्या उपक्रमांच्या आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी, अशी त्यात तरतूद आहे. त्यामुळे 'नोंदणी क्रमांक काय?' हा प्रश्न कोणीही विचारू शकतं. पैसे घेऊन दिलेली सेवा सदोष असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ताही खुला असतो.

काही झालं नाही, तरी तक्रार करायची का?

हो. किंबहुना तेव्हाच करायची. इंग्लंडमध्ये मार्च 1993 मध्ये लाइम बे इथे शाळेच्या सहलीत कयाक चालवायला गेलेल्या चार मुलांचा मृत्यू झाला. त्याच्या आदल्या वर्षी त्या केंद्रातल्या दोन प्रशिक्षकांनी काम सोडताना मालकाला पत्र लिहून सुरक्षेतल्या त्रुटी कळवल्या होत्या. मालकाने ते मनावर घेतलं नाही. पुढे खटल्यात हेच पत्र महत्त्वाचं ठरलं आणि त्याला तुरुंगात जावं लागलं. 1995 मध्ये तिथल्या संसदेने अशा केंद्रांना परवाना सक्तीचा करणारा कायदा केला.

थोडक्यात वाचलेली ट्रिप म्हणजे पुढच्या अपघाताची आगाऊ सूचना असते. ती लेखी असली तर 'आम्हाला माहीतच नव्हतं' असं नंतर कोणाला म्हणता येत नाही. तारीख, ठिकाण, काय घडलं, कोण हजर होतं, एवढं साध्या शब्दांत लिहावं. पोस्टर, पैसे भरल्याची पावती आणि ग्रुपवरचे मेसेज जपून ठेवावेत.

कॉलेजची ट्रिप असेल तर प्राचार्य आणि विद्यापीठ, क्लास किंवा जिमची असेल तर तिचे चालक, साहसी उपक्रम असेल तर पर्यटन संचालनालय, जंगलातले नियम मोडले असतील तर वन विभाग, असा तक्रारीचा मार्ग आहे. गुन्हा घडला असेल तर कोणत्याही पोलीस ठाण्यात झीरो एफआयआर नोंदवता येतो. घटना चिखलदऱ्यात घडली म्हणून अकोल्याच्या पालकांना तिकडेच जावं लागत नाही.

पैसे भरण्याआधी विचारायचे सहा प्रश्न

1. सोबत किती मोठी माणसं आहेत आणि त्यातल्या कोणाला प्रथमोपचार येतात?
2. या मोसमात तुम्ही ती जागा कधी पाहिली?
3. पाण्यात उतरणार का? उतरणार असाल तर लाइफ जॅकेट आणि दोरी कोण आणणार?
4. वन विभागाची किंवा इतर परवानगी कोणाच्या नावावर आहे?
5. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट आला तर ट्रिप रद्द होणार का, आणि पैसे परत मिळणार का?
6. गाडी कोण चालवणार आणि रात्री किती वाजेपर्यंत परत येणार?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐकावं. ज्याला पैसे परत द्यायचे नसतात, तो मुसळधार पावसातही ट्रिप काढतो. 'पैसे परत मिळतील' असं आधीच सांगणाऱ्याला रद्द करणं सोपं जातं.

निघण्याआधी गाडीचा नंबर, चालकाचा नंबर आणि मुक्कामाचं ठिकाण घरी कळवून ठेवावं. पोलीस आणि कोणत्याही आपत्कालीन मदतीसाठी 112, रुग्णवाहिकेसाठी 108 आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी 1077 हे क्रमांक आहेत. घाट चढल्यावर रेंज जाऊ शकते, म्हणून हे सगळं परतवाडा किंवा अकोट सोडण्याआधीच करावं.