रेंज नाही, मग 112 कसा लागतो?

माळशेज घाटातून गाडी निघाली की मागच्या सीटवरून हमखास ओरड येते, ‘आई, रेंज गेली!’ फोनच्या कोपऱ्यातल्या दांड्या एकेक करून कमी होतात, शेवटचीही जाते आणि तिथे शब्द उमटतात : इमर्जन्सी कॉल्स ओन्ली. आता ही काय भानगड? रेंज नाही म्हणायचं, आणि संकट आलं तर फोन करा असंही म्हणायचं! फोन थापा मारतोय की काय?

थापा नाही मारत, पण अर्धंच सांगतोय. त्या दांड्या फक्त तुमच्या कंपनीच्या रेंजच्या असतात. फोनला मात्र आसपासच्या इतर कंपन्यांचे टॉवरही ऐकू येत असतात. समोरच्या टेकडीवर दुसऱ्या कंपनीचा टॉवर ठणठणीत उभा असतो, पण तुमचं सिमकार्ड त्याच्या ओळखीचं नसतं. तुम्ही आजीला फोन लावायला गेलात तर तो सरळ नाही म्हणतो.

112 लावलात की हा सगळा मामला बदलतो. फोन आपलं-परकं बघत नाही. ज्या टॉवरचा आवाज येतोय त्याला गाठतो आणि पहिल्याच निरोपात सांगतो, ‘हा संकटातला कॉल आहे.’ टॉवरही मग कंपनीची चौकशी करत बसत नाही. एसटीचा पास काढलेला माणूस एरवी एसटीचीच वाट बघतो. पण घाटात अपघात झाला तर समोर येईल त्या ट्रकला हात करतो, आणि ट्रकवाला काही पास मागत नाही. तसंच हे.

यासाठी फोनचं कुलूपही उघडावं लागत नाही. लॉक असलेल्या पडद्यावर खाली बघा, ‘इमर्जन्सी’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. 112 आणि अमेरिकेतला 911 हे दोन नंबर मोबाइलच्या जागतिक नियमांतच बसवलेले आहेत. म्हणून फोन कुठल्याही देशात असला तरी ‘हा साधा नंबर नव्हे’ हे त्याला कळतं. युरोपने सगळ्या देशांसाठी मिळून 112 ठरवला 1991 मध्ये. आपल्याकडे पोलिसांचा 100, आगीचा 101 असे नंबर वेगवेगळे होते. सगळ्यांसाठी एकच 112 सुरू करणारं पहिलं राज्य हिमाचल प्रदेश, नोव्हेंबर 2018 मध्ये.

संकटातल्या फोनला रांगेत उभं करायचं नाही, ही अक्कल मात्र जगाला फार जुन्या एका आगीने शिकवली. 1935 मध्ये लंडनच्या विंपोल स्ट्रीटवर एका घराला आग लागली आणि पाच जणी दगावल्या. शेजाऱ्याने अग्निशमन दलासाठी फोन उचलला, तर एक्स्चेंजमध्ये त्याचा कॉल इतरांच्या रांगेत अडकून पडला. त्यानंतर 1937 मध्ये लंडनमध्ये 999 सुरू झाला. कोणी 999 फिरवला की एक्स्चेंजमध्ये लाल दिवा लागायचा आणि भोंगा वाजायचा. भोंगा इतका कर्कश होता, की शेवटी त्याच्या तोंडात टेनिसचा चेंडू कोंबावा लागला, असं सांगतात!

आता खरी गोम. आसपास कुठल्याच कंपनीचा टॉवर नसेल तर? तर 112 लागत नाही. ‘112 थेट सॅटेलाइटवरून लागतो’ असा मेसेज घरच्या ग्रुपवर आला असेल, तर काकांना खुशाल सांगा की हे खोटं आहे. साध्या 4जी फोनचा आवाज फार फार तर पाव वॉटचा. टॉर्चच्या दिव्यालाही याहून जास्त ताकद लागते.

आणि नुसती ताकद असूनही भागत नाही. जुन्या 2जी फोनची गंमत ऐका. तिथे टॉवरच्या एकाच फ्रिक्वेन्सीवर आठ फोन पाळीपाळीने बोलतात आणि प्रत्येक पाळी सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही लहान असते. फोन लांब असला की त्याचा आवाज पोचायला जरा उशीर होतो आणि तो पुढच्याच्या पाळीत घुसतो. म्हणून टॉवर त्याला सांगतो, ‘तू थोडा आधी बोलायला लाग.’ असं ‘आधी’ सरकवायच्या 63 पायऱ्या असतात, एक पायरी साधारण 550 मीटरची. करा गुणाकार. सुमारे 35 किलोमीटर! त्यापलीकडचा फोन टॉवरला स्वच्छ ऐकू आला तरी उपयोग नाही, कारण पायऱ्या संपलेल्या असतात.

आपल्या सह्याद्रीत मात्र अडचण अंतराची कमी आणि दगडाची जास्त. काळ्या कातळातून फोनच्या रेडिओ लहरी आरपार जात नाहीत. त्यामुळे दरीत फोन मुका असतो आणि धारेवर चढलं की अचानक दोन दांड्या येतात. ट्रेकवर कोणाचा पाय मुरगळला तर दरीत बसून पुन्हा पुन्हा फोन लावू नका, मोठ्यांपैकी कोणीतरी दोघांनी मोकळ्या उंचवट्यावर जावं (कड्याच्या टोकावर नव्हे!) आणि तिथून लावावा. तोवर बाकीच्यांचे फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, कारण रेंज शोधण्यातच बॅटरी फस्त होते. आणि फोन लागला की आधी जागा सांगा, मग बाकीचं. परक्या टॉवरवरून फोन लागला असेल तर तो तुटल्यावर समोरच्यांना उलट फोन करता येत नाही.

गंमत म्हणून 112 लावून बघायचा मात्र नाही. जर्मनीत सिमकार्ड नसलेल्या फोनवरूनही 112 लागायचा. लोकांनी त्याचा इतका खेळ केला, की 2009 पासून ती सोय बंदच झाली.

सॅटेलाइटवाला फोन अगदीच कल्पनेतला आहे, असंही नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये अमेरिका आणि कॅनडात आयफोन 14 वर अशी सोय सुरू झाली. पडद्यावर बाण दिसतो आणि ‘डावीकडे वळा, अजून थोडं’ असं सांगत फोन तुम्हाला उपग्रहाच्या दिशेने उभं करतो. बोलता येत नाही, छोटा निरोप जातो, तोही डोक्यावर मोकळं आकाश असेल तर. आपल्याकडे ही सोय आलेली नाही. परदेशातून कोणी सॅटेलाइट फोन आणणार असेल, तर त्याला आधीच सावध करा : भारतात तो परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे.

पण समुद्रात तर धार नाही, टेकडी नाही आणि किनाऱ्यापासून लांब गेलं की टॉवरही नाही. तिथे बोट बुडायला लागली तर काय करायचं? मच्छीमारांसाठी ‘इस्रो’ने 2010 पासून एक यंत्र दिलंय. बटण दाबलं की बोटीची जागा उपग्रहामार्फत बचाव केंद्राला कळते. त्यात एक उणीव होती : निरोप पोचला की नाही, हे बोटीवर कळायचंच नाही. 2024 मध्ये आलेल्या नव्या यंत्राला उलट निरोपही येतो, ‘तुमची हाक ऐकली, मदत निघाली.’ आणि तो वाचायचा कुठे? ब्लूटूथने जोडलेल्या साध्या मोबाइलवर, आपल्या भाषेत. त्या मोबाइलवर दांडी एकही नसते.