मणक्यातला तो ‘गॅप’

‘मणक्यात गॅप पडलाय हो.’ लग्नाच्या मांडवात, एसटीच्या रांगेत, बँकेत, कुठेही ऐका. आता कुणी ‘गॅप’ म्हटलं की माझीच कंबर धरते. गॅप म्हणजे फट. गादी, म्हणजे डिस्क, झिजते तेव्हा फट पडत नाही. गादीतलं पाणी कमी होऊन ती चपटी होते आणि वरखालचे मणके एकमेकांच्या जवळ येतात. रिपोर्टात ‘डिस्क स्पेस रिड्यूस्ड’ लिहिलेलं असतं. घरी पोचेपर्यंत त्याचा अर्थ बरोब्बर उलटा होतो. आणि गॅप पडला म्हणणारा हाच माणूस पुढच्या आठवड्यात ट्रॅक्शन घ्यायला जातो, म्हणजे मणके आणखी ताणून घ्यायला!

‘गादी सरकली’ हेही त्याच जातीचं. गादीच्या चिवट कड्याचे धागे दोन्ही मणक्यांत घट्ट रुतलेले असतात. ती बशीसारखी सरकत नाही. कड्याला चीर पडते आणि आतला मऊ गर बाहेर डोकावतो, बहुतेकदा कमरेतल्या शेवटच्या दोन गाद्यांपैकी एकीतून. तो नसेला टेकला, तिथे सूज आली, की कळ कुल्ल्यातून पोटरीपर्यंत उतरते. पायाळू माणसाच्या लाथेनं हा गर चिरेतून पुन्हा आत कसा जातो, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

सहसा तो कुणी आत ढकलावाही लागत नाही. शरीर त्याला परकं समजून हळूहळू खाऊन टाकतं. ‘क्लिनिकल रिहॅबिलिटेशन’ या नियतकालिकात 2015 साली आलेल्या आढाव्यानुसार, तुटून सुटा झालेला गर 96 टक्के रुग्णांत आपोआप आक्रसला. नुसता फुगवटा मात्र 13 टक्क्यांतच. रिपोर्टात जे सगळ्यात भयंकर दिसतं, तेच बहुधा आधी विरतं.

मग वर्षभर दुखतं कशानं? चिडलेली नस, हालचालीची धास्ती आणि न वापरून ढिले पडलेले स्नायू. फिजिओथेरपीचं खरं काम इथे आहे. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेंझी यांचा एक रुग्ण 1956 साली डोक्याकडची बाजू उचललेल्या टेबलावर चुकून पालथा पडून राहिला आणि त्याच्या पायातली कळ गेली. त्यातूनच पाठ मागे वाकवण्याचे व्यायाम पुढे आले. सगळ्यांना ते मानवत नाहीत, म्हणून आधी तपासणी. पायातली कळ वर कमरेकडे सरकली, तर ते चांगलं लक्षण, मग कंबर थोडी जास्त दुखली तरी. नेमकं तेव्हाच लोक ‘कंबरदुखी वाढली’ म्हणून व्यायाम सोडतात.

‘फिजिओथेरपी केली, काही फरक नाही.’ काय केलं? दहा दिवस शेक आणि करंट! ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेनं 2016 सालीच कंबरदुखी आणि सायटिकासाठी ट्रॅक्शन, अल्ट्रासाऊंड, करंट आणि पट्टा देऊ नका असं सांगून ठेवलंय. चालणं, ताकदीचे व्यायाम आणि हळूहळू पुन्हा ओझं उचलायला शिकणं, हे यंत्राला जमत नाही.

बाकीचं थोडक्यात. पूर्ण विश्रांती: नेदरलँड्समधल्या 1999 च्या चाचणीत दोन आठवडे अंथरुणात काढलेले आणि न काढलेले, 12 आठवड्यांनी दोघांतही 87 टक्के सुधारले होते. एमआरआयवरचा फुगवटा: काहीच न दुखणाऱ्या चाळिशीतल्या निम्म्या लोकांत तो सापडतो. टणक फळीवर झोपणं: स्पेनमधल्या 313 जणांच्या चाचणीत मध्यम टणक गादी सरस ठरली. ‘ऑपरेशन केलं की पाय जातात’: तसं काही नाही. त्यानं पायाची कळ लवकर थांबते. वर्षानंतर मात्र ऑपरेशन केलेले आणि न केलेले रुग्ण जवळपास सारखेच.

एक गोष्ट मात्र गैरसमजात मोडत नाही. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, मांड्यांमध्ये बसायच्या जागी बधिरपणा आला, पाऊल उचलेनासं झालं, तर व्यायाम बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.