नायक वाचेलच असे नाही

मुंबई आकाशवाणीच्या ‘पुन्हा प्रपंच’मधले टेकाडे भावजी कितीही पेचात सापडले, तरी पुढच्या भागात हजर होणार हे श्रोत्यांना ठाऊक असे. त्या खात्रीमुळेच त्या मालिकेतली माणसे घरातली वाटली. साहसकथेचा मात्र त्याच खात्रीने घात होतो. अमेरिकेत सीबीएसने ७ जुलै १९४७ रोजी सुरू केलेल्या ‘एस्केप’ या रेडिओ मालिकेने यावर सोपा तोडगा काढला: अर्ध्या तासात संपणारी गोष्ट आणि दर खेपेला नवी माणसे. पहिलीच गोष्ट किपलिंगची होती. कायमचा नायक नसल्यामुळे कुणालाही मारायची मुभा लेखकाला मिळाली आणि धोका खरा वाटू लागला. यावर कुणी म्हणेल, पुष्कळ गोष्टी नायक स्वतःच सांगतो, म्हणजे तो वाचलाच की! पण दीपगृहाला उंदरांनी वेढा घातलेल्या ‘थ्री स्केलेटन की’ या भागात नायकाच्या सोबत्यांचे काय होणार आणि कुणाचे डोके ठिकाणावर राहणार, याची धास्ती शेवटपर्यंत सुटत नाही. चित्राची उणीवही इथे पथ्यावर पडते. हजारो उंदीर पडद्यावर आणायचे तर खर्च फार. कानाला नुसती खुडबुड पुरते, बाकीचे उंदीर श्रोता स्वतःच सोडतो.

असे नाट्य आपल्याकडे रुजणारच नाही, असे म्हणता येत नाही. १९५७ साली सुरू झालेल्या विविध भारतीच्या ‘हवामहल’ने रोज वेगळी नाटिका ऐकायची सवय लावली होतीच, फक्त तिचा कल बहुधा हलक्याफुलक्या विषयांकडे राहिला. मराठी श्रुतिकांनीही घराचा उंबरठा ओलांडावा. कथानकासाठी दूर जायला नको. मुंबईची लोकल शहापूर तालुक्यातल्या खर्डीच्या पुढे कसाऱ्याला संपते. तिथून थळ घाट चढायला बऱ्याच गाड्यांना मागून जादा इंजिने लावावी लागतात. याच तालुक्यात तानसाचे जंगल आणि माहुलीचे सुळके. पावसाळी रात्र, घाटात थांबलेली गाडी आणि रुळांवर कुणाची तरी पावले, एवढ्यावर अर्धा तास उभा राहतो. आता रेडिओ ऐकतो कोण, हा आक्षेप रास्त आहे. पण तो यंत्राविषयीचा आहे, नाट्यप्रकाराविषयीचा नाही. लोकलमध्ये मोबाइलवर गोष्टी ऐकणाऱ्यालाही अर्ध्या तासात पुरी होणारी, शेवट आधी न कळणारी गोष्ट सोयीची पडेल. मालिका लोकप्रिय झाली म्हणून तिच्यात कायमचा नायक आणण्याचा मोह तेवढा निर्मात्यांनी आवरायला हवा.