जुने दगडी घर राहते करताना

मावळ तालुक्यात बांधकामासाठी काळा पाषाण मुबलक आहे आणि पाऊसही भरपूर. टाकवे बुद्रुकसारख्या गावांच्या परिसरातील जुन्या शेतघरांची रचना या दोहोंतूनच घडली : उंच दगडी जोते, जाड भिंती, पडवी, माजघर, लगतचा गोठा आणि वर उतरते कौलारू छप्पर. अशा घराचे निवासस्थानात रूपांतर करताना गोठ्याची बैठक होते, माळ्यावर खोली निघते. हे स्वागतार्ह असले, तरी पहिला विचार भिंतीचा व्हावयास हवा.

दोन पदरी भिंत

बाहेरून अखंड भासणारी जुनी भिंत बहुधा दोन पदरी असते. आत व बाहेर दगडांचा एकेक पदर आणि मध्ये चिपा व मातीची भरती. दोन्ही पदरांना जोडणारे आरपार दगड नसतील, तर धक्क्यासरशी ते एकमेकांपासून सुटतात. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी येथे झालेल्या भूकंपात सुमारे ८,००० माणसे दगावली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील धाब्याचे वजनदार छत हे त्या प्राणहानीचे प्रमुख कारण होते. मावळातील कौलारू छप्पर धाब्याहून हलके असते. तथापि भिंतीचा दोष छपराने झाकला जात नाही. भिंतीची जाडी म्हणजे तिचे बळ नव्हे.

उपाय

नव्या दगडी भिंतीत उंचीत दर ६० सेंटिमीटरला व लांबीत फार तर १.२ मीटरला एक आरपार दगड असावा, असे भारतीय मानक सांगते. जुन्या भिंतीत धक्का न देता एकेक दगड हलकेच काढून आरपार छिद्र करता येते. त्यात दोन्ही टोकांना वाकविलेली लोखंडी सळई ठेवून काँक्रीट भरले, की पदर बांधले जातात. उजेडासाठी रुंद खिडक्या काढताना कोपरे मात्र पोखरू नयेत.

दरजा सिमेंटने बुजविल्यास भिंतीतील ओल आतच कोंडते व माती भुसभुशीत होते. तेथे चुना योग्य. पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून दूर नेणारी गटारही हवी.

ही कामे पूर्ण झाल्यावर दिसत नाहीत. म्हणूनच दुरुस्तीचा आराखडा अभियंत्याकडून तपासून घेण्याचा आग्रह ग्रामपंचायत सदस्यांनी धरावा. घराची शोभा नंतरही वाढविता येईल. भिंतीआड झोपणाऱ्यांची सुरक्षितता आधीच पाहावी लागते.